ऑडेसिटीत पुसलं गेलेलं रेकॉर्डिंग: ते अजून कुठे असू शकतं आणि तिथून कसं काढायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावी जाऊन आजीच्या जात्यावरच्या ओव्या, लॅपटॉपला यूएसबी माइक लावून, थेट ऑडेसिटीत, म्हणजे आवाज रेकॉर्ड आणि एडिट करायच्या मोफत प्रोग्राममध्ये, रेकॉर्ड केल्या. एक तास दहा मिनिटं, एकच मोनो ट्रॅक. घरी आल्यावर मधली शांतता आणि खोकल्याचे आवाज काढताना कधीतरी मोठा भाग सिलेक्ट राहिला आणि डिलीट दाबलं गेलं. ते लक्षात आलं नाही. प्रोजेक्ट सेव्ह करून बंद केला. दुसऱ्या दिवशी उघडला तर बारा मिनिटं उरलेली, आणि अनडू करायला काहीच नाही. आता काही होऊ शकतं का?

होऊ शकतं. किती, ते तुमच्या लॅपटॉपमधल्या डिस्कवर आणि त्या क्षणानंतर तुम्ही काय काय केलंत यावर अवलंबून आहे. म्हणून हे वाचेपर्यंत एक करा: त्या लॅपटॉपवर काहीही नवं डाऊनलोड करू नका, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर तर मुळीच नाही. ऑडेसिटी पुन्हा उघडू नका. शक्य असेल तर लॅपटॉप बंद करून ठेवा आणि हे फोनवर वाचा. मी वीसेक वर्षं मुलाखती, कीर्तनं, बोलकी पुस्तकं रेकॉर्ड आणि एडिट करतो आहे. माझ्याकडे आलेल्या अशा प्रकरणांत पुसण्याच्या चुकीपेक्षा नंतरच्या घाबरलेल्या अर्ध्या तासात जास्त नुकसान झालेलं मी पाहिलं आहे.

आधी हे समजून घेऊ की "पुसलं" म्हणजे झालं काय. कॅसेटच्या जमान्यात पुसणं म्हणजे खरोखर पुसणं होतं. रेकॉर्डचं बटण दाबलं की इरेज हेड टेपवरचा जुना आवाज आधी घालवत जायचं आणि त्यामागून रेकॉर्डिंग हेड नवा आवाज लिहायचं. म्हणून तर आपण कॅसेटच्या मागच्या बाजूचे प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे मोडून ठेवायचो. कॉम्प्युटरवर तसं नसतं. तिथे फाइल हटवली की सातबाऱ्यावरचं नाव कमी होतं, जमीन जागच्या जागी राहते. दुसऱ्या कोणी त्या जमिनीत नांगर घातला की मगच जुनं पीक जातं. हा नांगर म्हणजे तुम्ही नंतर डिस्कवर लिहिलेली प्रत्येक गोष्ट: ब्राऊझरने साठवलेली पानं, विंडोजचं अपडेट, आणि रिकव्हरीसाठी घाईघाईने इन्स्टॉल केलेला प्रोग्रामसुद्धा.

आता ऑडेसिटी आतून कशी वागते ते बघू. मार्च २०२१ मध्ये आवृत्ती ३ आली तेव्हापासून संपूर्ण प्रोजेक्ट एकाच एयूपी३ फाइलमध्ये असतो, आणि ती फाइल म्हणजे खरं तर एसक्यूलाइट नावाचा डेटाबेस आहे. तुमचा आवाज त्यात छोट्या छोट्या ब्लॉकमध्ये ठेवलेला असतो. कोणता ब्लॉक ट्रॅकवर कुठे वाजवायचा याची यादी वेगळी असते. तुम्ही डिलीट दाबता तेव्हा फक्त यादी बदलते, ब्लॉक तसेच राहतात. म्हणूनच अनडू चालतो. प्रोजेक्ट उघडा आहे तोवर, मधे दहा वेळा सेव्ह केलं तरी, अनडूचा इतिहास जिवंत असतो. प्रोजेक्ट बंद करताना मात्र ऑडेसिटी झाडलोट करते. जे ब्लॉक यादीत नाहीत ते काढून टाकते आणि वाया गेलेली जागा मोठी असेल तर फाइल आवळून लहान करते.

तुमच्या बाबतीत घात त्या बंद करण्याने केला, सेव्हने नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाचा प्रोजेक्ट अजून उघडा असेल तर त्यांनी तो बंद करायचाच नाही. व्ह्यू मेनूत हिस्टरी उघडली की केलेल्या प्रत्येक कृतीची ओळ दिसते. चुकीच्या ओळीच्या वरच्या ओळीवर क्लिक केलं की आवाज परत. परत आल्याबरोबर आधी पूर्ण ट्रॅक वेव्ह फाइल म्हणून दुसऱ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर एक्स्पोर्ट करा. पंधरा पायऱ्या मागे जाऊन तिथे एखादी नवी कृती केली, साधं आवाज वाढवणंसुद्धा, तरी पुढच्या पंधरा पायऱ्या कायमच्या जातात. त्याच खिडकीतलं डिसकार्ड बटण जागा मोकळी करण्यासाठी आहे, त्याला हात लावू नका. आणि भाग डिलीटने नव्हे तर कटने गेला असेल, तर तो ऑडेसिटीच्या क्लिपबोर्डवर असतो. दुसरं काही कट किंवा कॉपी केलं नसेल तर नव्या प्रोजेक्टमध्ये पेस्ट करून पाहा.

आता तुमच्याकडे येतो. पहिली तपासणी फाइलच्या आकाराची आहे, आणि ती ऑडेसिटी न उघडता होते. ऑडेसिटीची नेहमीची सेटिंग ४४,१०० हर्ट्‌झ आणि ३२ बिट फ्लोट अशी असते. या हिशेबाने मोनो आवाजाचं एक मिनिट सुमारे १०.६ एमबी जागा घेतं. तुमची सत्तर मिनिटं म्हणजे साधारण ७४० एमबी, आणि उरलेली बारा मिनिटं म्हणजे १२७ एमबीच्या आसपास. एयूपी३ फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आकार बघा.

आकार अजून सातशेच्या घरात असेल तर आवाज फाइलमध्येच आहे. त्याची एक शक्यता अशी की तो भाग डिलीट झालाच नाही, क्लिपची, म्हणजे ट्रॅकवरच्या आवाजाच्या तुकड्याची, कड ओढली जाऊन झाकला गेला. ऑक्टोबर २०२१ च्या ३.१ आवृत्तीपासून क्लिपच्या कडेला माउस नेऊन ओढलं की क्लिप लहान होते, पण झाकलेला आवाज जात नाही. सेव्ह करून बंद केलं, महिन्याने उघडलं, तरी कड उलटी ओढली की तो परत दिसतो. आवाज "गायब" झाला म्हणून हवालदिल झालेल्या तिघा-चौघांना मी फोनवरून फक्त "क्लिपची कड उजवीकडे ओढा" एवढंच सांगितलं आहे. तेव्हा फाइलची कॉपी करा, कॉपीच उघडा, आणि प्रत्येक क्लिपच्या दोन्ही कडा ओढून पाहा.

आकार १२७ च्या आसपास असेल तर फाइल आवळली गेली आहे आणि तिच्यात तुमच्या ओव्या नाहीत. इथे बहुतेक जण आशा सोडतात, पण आवळण्याची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. ऑडेसिटी आहे त्याच फाइलमधून तुकडे काढत बसत नाही. ती लागणाऱ्या ब्लॉकची नवी लहान फाइल तयार करते, जुनी मोठी फाइल बाजूला नाव बदलून ठेवते, आणि नवी नीट झाली की जुनी हटवते. रिसायकल बिनमध्ये ती जात नाही, थेट हटते. म्हणजे आपल्याला शोधायची आहे ती डिस्कवर हटवली गेलेली ७४० एमबीची एक अखंड फाइल. सातबाऱ्यावरून नाव गेलेली जमीन.

आणखीही एक जागा आहे. पहिल्यांदा सेव्ह करण्याआधी तुमचं रेकॉर्डिंग ऑडेसिटीच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये होतं. विंडोजवर हा तुमच्या युजर फोल्डरमधल्या अ‍ॅपडेटा, लोकल, ऑडेसिटी या वाटेवरचा सेशनडेटा फोल्डर. तिथल्या फाइलच्या नावाच्या शेवटी "एयूपी३अनसेव्हड" असं असतं. तुम्ही प्रोजेक्ट सी ड्राइव्हवरच सेव्ह केला असेल तर ती फाइल नुसती हलवली गेली. पण डी ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर सेव्ह केला असेल तर आधी तिथे कॉपी झाली आणि मग सी वरची हटवली गेली. म्हणजे शोधायला दोन डिस्क झाल्या, आणि सी वरच्या त्या कॉपीत एडिटिंगच्या आधीचं सगळं आहे.

आता कळीचा प्रश्न: डिस्क कोणती? टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर एसएसडी की एचडीडी ते लिहिलेलं असतं. फिरती हार्ड डिस्क असेल तर शक्यता चांगली आहे. एसएसडी, म्हणजे काहीही न फिरणारी, चिपवरची डिस्क असेल तर खरं सांगायला हवं: शक्यता कमी आहे. फाइल हटवली की विंडोज एसएसडीला ट्रिम नावाची सूचना देतं, की ही जागा आता वापरात नाही. एसएसडी पुढच्या लिखाणासाठी ती जागा स्वतःहून मोकळी करून ठेवतो. नाव कमी झाल्याबरोबर जमीन नांगरणारा हा मालक आहे. नव्या लॅपटॉपवर म्हणूनच हटवलेल्या फाइलच्या जागी बहुधा नुसती शून्यं मिळतात. अशा डिस्कवरून आवाज परत आणण्याची कोणी पैसे घेऊन हमी देत असेल तर विश्वास ठेवू नका. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डांना मात्र ही सूचना सहसा जात नाही, त्यामुळे प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर असेल तर ती तुमच्या फायद्याची गोष्ट आहे.

काम असं करा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर टेस्टडिस्क आणि फोटोरेक हे रिकव्हरीचे दोन प्रोग्राम उतरवून घ्या. दोन्ही एकत्रच मिळतात, मोफत आहेत, आणि इन्स्टॉल करावे लागत नाहीत, बाहेरच्या ड्राइव्हवरून चालतात. आधी टेस्टडिस्क वापरा. तो डिस्कच्या स्वतःच्या नोंदींमधून हटवलेल्या फाइली दाखवतो. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये सुमारे ७४० एमबीची, तुमच्या प्रोजेक्टसारख्याच नावाची हटवलेली फाइल दिसते का ते पाहा. नावाला शेपूट जोडलेलं असेल, बिचकू नका. दिसली तर बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करा. हाच क्रम का? कारण मोठी फाइल डिस्कवर बहुधा एका जागी नसते, दहा-वीस ठिकाणी विखुरलेली असते. ती कुठे कुठे आहे याची नोंद अजून शाबूत असेल तर टेस्टडिस्क ती वाचून सगळे तुकडे जोडतो. फोटोरेक नोंदी बघत नाही. तो थेट डिस्क चाळतो आणि ओळखीची सुरुवात दिसली की तिथून फाइल उचलतो. एसक्यूलाइटची सुरुवात त्याला ओळखता येते. पण विखुरलेली फाइल त्याच्या हाती अर्धवट लागते, आणि तिला मूळ नावही राहत नाही, फक्त आकड्यांचं नाव मिळतं. म्हणून तो दुसऱ्या फेरीसाठी.

फाइल मिळाली आणि ऑडेसिटीने "उघडता येत नाही" म्हटलं, तरी ती फेकू नका. ऑडेसिटी प्रोजेक्ट टूल्स नावाचं एक वेगळं साधन आहे. ते कमांड लाइनवर चालतं, म्हणून कॉम्प्युटरची सवय असलेल्या कोणाला तरी शेजारी बसवा. ते बिघडलेला डेटाबेस दुरुस्त करून बघतं, आणि यादी पूर्ण गेली असेल तर नुसते ब्लॉक काढून त्यांचा सलग मोनो ट्रॅक करून देतं. रेकॉर्डिंग होत गेलं त्याच क्रमाने ब्लॉकना क्रमांक मिळालेले असतात, त्यामुळे ओव्या ज्या क्रमाने गायल्या गेल्या त्याच क्रमाने येतात. मधला एखादा ब्लॉक गेला तर काही सेकंदांची खाच पडते, एवढंच.

क्रम राहणं ही केवढी मोठी सोय आहे ते जुन्या आवृत्तीवर काम केलेल्यांना विचारा. आवृत्ती २ पर्यंत प्रोजेक्टची एक छोटी एयूपी फाइल असायची आणि आवाज शेजारच्या "डेटा" फोल्डरमध्ये शेकडो एयू तुकड्यांत असायचा. एकेक तुकडा १ एमबीचा, जेमतेम सहा सेकंदांचा. आमच्याकडे एकदा नव्वद मिनिटांच्या कीर्तनाचा स्टिरिओ प्रोजेक्ट होता. डिस्क भरली म्हणून एका सहकाऱ्याने तो फोल्डर कचरा समजून उडवला आणि रिसायकल बिनही रिकामा केला. अठराशेच्या आसपास तुकडे होते. रिकव्हरीतून बहुतेक परत आले, पण नावांत क्रम नव्हता. क्रम लावला तो प्रत्येक तुकड्याच्या वेळेवरून, आणि स्टिरिओ असल्यामुळे एक डावा, एक उजवा अशी जोडी जुळवत. दोन रात्री गेल्या. शेवटी जिथे शंका होती तिथे अभंगाचे शब्दच उपयोगी पडले: पहिल्या चरणानंतर दुसरा कुठला हे सॉफ्टवेअरला माहीत नसतं, आपल्याला असतं. तुमच्याकडे तुकडे जोडायची वेळ आलीच तर आजीला किंवा आईला शेजारी बसवा. कोणत्या ओवीनंतर कोणती, ते त्या सांगतील.

डिस्क चाळायच्या आधी सोप्या जागा बघून घ्या, कारण घाईत त्या राहून जातात. "कसं आलंय बघ" म्हणून तुम्ही कोणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पूर्ण एमपी३ पाठवली होती का? ती त्यांच्या फोनमध्ये असेल. लॅपटॉपचं डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्स फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हशी जोडलेलं आहे का? असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून वेबवर जाऊन त्या फाइलची व्हर्जन हिस्टरी उघडा. गूगल ड्राइव्ह अशा फाइलच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस ठेवतो. तीस दिवस भरत आले असतील तर हे काम आजच करा, बाकी सगळं थांबू शकतं. जुनी आवृत्ती डाऊनलोड करा ती दुसऱ्याच कॉम्प्युटरवर. मॅक असेल आणि टाइम मशीन हा त्याचा बॅकअप चालू असेल तर तिथे बघा.

वीज जाऊन रेकॉर्डिंग मधेच तुटलं, असं ज्यांचं झालं असेल त्यांची गोष्ट वेगळी, आणि बरी आहे. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, गावात लोडशेडिंग, हे नेहमीचंच. ऑडेसिटी पुन्हा उघडली की रिकव्हरीची खिडकी येते आणि अर्धवट प्रोजेक्टची नावं दिसतात. तिथे रिकव्हर निवडायचं. खात्री नसेल तर स्किप, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा विचारेल. डिसकार्ड दाबलं की संपलं. प्रोजेक्टच्या शेजारी तशाच नावाची, शेवटी "वॉल" आणि "शम" असलेली दोन पिल्लं दिसली तर ती कचरा नव्हेत. शेवटची मिनिटं मुख्य फाइलमध्ये अजून लिहिली गेली नसतील तर ती त्या वॉल फाइलमध्ये असतात. प्रोजेक्ट दुसरीकडे हलवताना तिन्ही फाइली एकत्र हलवा.

लॅपटॉपऐवजी हातातल्या रेकॉर्डरवर काम करणाऱ्यांसाठीही थोडं लिहितो, कारण ओव्या, मुलाखती, भजनं गोळा करणारे पुष्कळ जण तेच वापरतात. कार्ड चुकून फॉर्मॅट झालं तर ते लगेच काढा आणि त्याच्या कडेची छोटी खिटी लॉककडे सरकवा. कॅसेटचा तुकडा मोडण्याचंच हे आजचं रूप आहे. साध्या फॉर्मॅटने फक्त अनुक्रमणिका कोरी होते. कार्डाची एक तंतोतंत प्रतिमा (इमेज, म्हणजे अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी नक्कल असलेली फाइल) दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि फोटोरेक त्या प्रतिमेवर चालवा. वेव्ह फाइल तो सहज ओळखतो, आणि रेकॉर्डर सलग लिहीत गेलेला असल्याने फाइली बऱ्याचदा अखंड मिळतात.

बॅटरी संपून फाइल अर्धी राहिली असेल तर ती शून्य सेकंदांची दिसते, कारण आवाजाची लांबी फाइलच्या डोक्यात शेवटी लिहिली जाते आणि ते राहून गेलेलं असतं. आवाज मात्र आत आहे. ऑडेसिटीच्या इम्पोर्टमध्ये रॉ डेटा निवडा आणि रेकॉर्डरवर जे सेटिंग होतं तेच भरा: १६ किंवा २४ बिट, लिटल एंडियन (हा बाइटांचा क्रम), मोनो की स्टिरिओ. सुरुवातीचे ४४ बाइट सोडून द्या. नुसता खरखराट आला तर घाबरू नका, बाइटांची जुळणी चुकली आहे. २४ बिटमध्ये प्रत्येक नमुना तीन बाइटांचा असतो, म्हणून ४४, ४५, ४६ असं एकेकाने पुढे सरकवून पाहा. तिन्हीपैकी एकावर स्वच्छ आवाज येतो. आवाज स्वच्छ पण जड आणि संथ वाटला तर सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती नमुने तो आकडा, चुकला आहे. ४८,००० चं रेकॉर्डिंग ४४,१०० ने वाजवलं की स्वर जवळपास दीड पट्टी उतरतो. काळी चारमध्ये गायलेलं पांढरी पाच आणि काळी तीन यांच्या मधे कुठेतरी ऐकू येतं. पेटी घेऊन बसलात तर कोणता आकडा चुकला ते कानानेच कळेल.

हे सगळं करून तुमच्या ओव्या मिळतील का? फिरती डिस्क असेल आणि तुम्ही त्यानंतर फारसं काम केलं नसेल, तर मला बऱ्यापैकी आशा वाटते. एसएसडी असेल तर एक दिवस द्या, त्याहून जास्त नको. तो वेळ आजीकडे जायला वापरा. तुम्ही लिहिल्यावरून त्या गातात, बोलतात, तब्येत बरी आहे असं दिसतं. दुसरं रेकॉर्डिंग पहिल्यासारखं होणार नाही हे मला ठाऊक आहे, आणि ते गेलं याचं वाईट वाटणं अगदी खरं आहे. पण उरलेली बारा मिनिटं सोबत न्या, त्यांना ऐकवा, आणि "पुढची कोणती" असं विचारत बसण्यापेक्षा जातं पुढ्यात ठेवा. दाणे नसले तरी चालतील. बायकांना ओव्या आठवतात त्या खुंट्याला हात लागल्यावर. या वेळी माइक जात्याच्या पाळूपासून हातभर दूर, आजींच्या तोंडाच्या उंचीला ठेवा, म्हणजे घरघर शब्दांवर चढणार नाही. फोनही रेकॉर्डिंग लावून कोनाड्यात ठेवा. आणि निघण्यापूर्वी, तिथेच बसून, एडिट न केलेली वेव्ह फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या.